मेडल नाही, मग इतकी वर्षं कराटे करून मिळवलं काय?

या वेळचं पत्र एका कराटेवाल्या मैत्रिणीचं आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे बारकावेही काढून टाकलेत. वय 36. वजन कमी करायचं म्हणून सत्ताविशीत क्लास लावला आणि तिथेच रमली, मधला बाळंतपणाचा गॅप सोडला तर आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा क्लास ठरलेला. क्लासमध्ये मुख्यतः किहोन (मूळ ठोसे-किक-बचावाचा सराव) आणि काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), शेवटी वेळ उरला तर थोडं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. गेल्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळाला. स्पर्धेत मात्र जेव्हा जेव्हा उतरली तेव्हा पहिल्याच राउंडला बाहेर, समोरची अंगावर आली की पाय जागीच खिळतात आणि एक ठोसा बसला की हात खाली येतात असं तिनेच लिहिलंय. क्लासमधली एक 17 वर्षांची मुलगी, जिला लहानपणी हिनेच बेल्टची गाठ मारायला शिकवलं होतं, ती आता सकाळच्या स्पर्धा-बॅचला जाते, मेडलं आणते आणि स्पारिंगमध्ये हिला आरामात हरवते. घरी प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "काय आणलंस?" आणि आता सरांनी विचारलंय, छोट्यांची बॅच घेशील का. हिला वाटतंय, खेळून काही होत नाही म्हणून लावलेली ही सोय आहे. शेवटची वाक्यं तिचीच देते: "बेल्ट बांधला तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी घालून उभी आहे असं वाटलं. सगळे म्हणतात तुझी स्पर्धा तुझ्याशीच, पण ताई खरं सांगा, हे हरणाऱ्यांनी स्वतःची समजूत घालायला शोधलेलं वाक्य नाही का? सोडून देऊ का?"

ताई म्हटलंयस म्हणून मीही सरळ 'तू' म्हणते, चालेल ना.

त्या वाक्यावरच आधी बोलू, कारण ते वाचून मला बरं वाटलं. हो, पुष्कळ वेळा ते समजूत घालायचंच वाक्य असतं. हरून मॅटवरून खाली उतरल्यावर कुणीतरी पाठीवर हात ठेवून ते ऐकवतं आणि त्या क्षणी त्याचा अर्थ एवढाच असतो की आता रडू नकोस. जिंकलेलीला कुणी म्हणतं का, तुझी स्पर्धा तुझ्याशीच? तेव्हा तुला ते पोकळ वाटलं यात तुझं काही चुकलेलं नाही आणि मीही इथे तेच वाक्य जरा गोड करून परत वाढणार नाहीये. जिंकावंसं वाटणं हा काही दोष नव्हे. मारणं-चुकवणं शिकवणाऱ्या कलेत यायचं आणि समोरच्याला हरवावंसं मात्र वाटू द्यायचं नाही, ही अपेक्षाच मुळात अजब आहे.

पण तू तिथून थेट पुढची उडी मारलीस, की ते खोटं ना, म्हणजे मग मेडल हेच खरं. तिथे जरा थांब.

2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ज्युडोच्या खेळाडूंचे फोटो काढून एक अभ्यास झाला होता, मॅच संपते नेमक्या त्या क्षणी चेहऱ्यावर काय असतं ते बघायला. डेव्हिड मात्सुमोतो हे मानसशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः ज्युडो खेळलेले, आणि बॉब विलिंगहॅम हे फोटोग्राफर, दोघांनी मिळून केला आणि 2006 मध्ये तो छापून आला. गोल्डवाले हसत होते, त्यात नवल नाही. ब्राँझवालेही बहुतेक हसत होते. पण सिल्व्हरवाल्यांपैकी त्या क्षणी एकही जण हसत नव्हता, अगदी एकही नाही. कारण साधं आहे, ज्युडोत सिल्व्हर मिळतं ते शेवटची मॅच हरून आणि ब्राँझ मिळतं ते शेवटची मॅच जिंकून. म्हणजे जगात दुसरा आलेला माणूस तोंड पाडून उभा आणि त्याच्या खालचा (तिथे ब्राँझ दोघांना देतात) खुशीत. नंतर मेडल गळ्यात घालताना सिल्व्हरवालेही हसले म्हणा, पण तेव्हा कॅमेरे समोर असतात, हसावंच लागतं.

हे सांगतेय कशाला, तर तुझ्या घरचे विचारतात काय आणलंस, आणि ही माणसं ऑलिंपिकचं मेडल आणूनही त्या क्षणी हरल्यासारखीच उभी होती. तेव्हा एखादं मेडल आलं की ते 'दुसऱ्याचा बेल्ट घातलाय' वालं फीलिंग आपोआप जाईल असं धरून चालली असशील तर ते तेवढं धरू नकोस. आपण त्या वेळी स्वतःला कशाच्या शेजारी उभं करून बघतोय यावर ते ठरतं, आणि तू स्वतःला कायम त्या 17 वर्षांच्या पोरीशेजारीच उभं करतेस.

खेळाच्या मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. ग्लिन रॉबर्ट्स, डॅरेन ट्रेझर आणि ग्लोरिया बालागे यांची 1998 ची एक प्रश्नावली आहे, खेळाडूला आपण यशस्वी झालो असं नेमकं कधी वाटतं ते तपासणारी. एकूण 12 विधानं, त्यातली 6 दुसऱ्यांना हरवलं, सगळ्यांत भारी ठरले या धाटणीची, आणि 6 अडचणीतून बाहेर पडले, जे जमत नव्हतं ते जमलं या धाटणीची. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात, आणि वरच्या पातळीवरच्या खेळाडूंमध्ये बऱ्याचदा असतातही. घोळ कुठे होतो, तर जिथे फक्त पहिलीच आहे आणि शिवाय मनात पक्कं बसलंय की आपल्यात ते नाहीच. अशी माणसं खेळ सोडायच्या वाटेवर असतात. तुझ्या पत्रात इतक्या वर्षांत काय जमायला लागलं याचं एकही वाक्य नाहीये, मी मुद्दाम परत वाचून पाहिलं. सगळी वाक्यं दुसऱ्यांबद्दल आहेत, सर, घरचे, ती मुलगी, समोरच्या खेळाडू. तुला मेडल हवंसं वाटतं ते वाटू दे गं, पण हा दुसरा रकाना तू इतका कोरा ठेवलायस की मेडल नाही म्हटल्यावर मागे काही उरतच नाही.

आता स्पर्धेत मोजतात काय ते बघू. जागतिक कराटे फेडरेशनच्या कुमितेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, ठोशाला 1 पॉइंट, पोटा-पाठीवरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला किंवा समोरच्याला पाडून मारलेल्या टेक्निकला 3. मोठ्यांची फाइट 3 मिनिटांची, कुणी 8 पॉइंटची आघाडी घेतली की तिथेच खलास. शिवाय नुसतं लागून चालत नाही, टायमिंग, अंतर, फॉर्म, मारल्यानंतरची सावधता असं सगळं रेफरीला एका झटक्यात दिसावं लागतं. थोडक्यात, अनोळखी माणसासमोर अंतर कापून आत शिरायचं, मारायचं आणि उलटा ठोसा यायच्या आत बाहेर पडायचं, याची ती परीक्षा आहे. आणि तू शिकतेस काय? किहोन, काता आणि वेळ उरला तर ओळखीच्याच चार जणांशी स्पारिंग, ज्यांच्या खांद्याची हालचाल बघूनच तुला कळतं की आता काय येणार. स्पर्धेत पाय खिळतात ते तू घाबरट आहेस म्हणून असं तुला वाटत असेल तर मला तसं नाही वाटत, अनोळखी वेग तुझ्या पायांनी कधी पाहिलेलाच नाही एवढंच. त्या 3 मिनिटांवरून सगळ्या वर्षांचा निकाल लावणं म्हणजे फूटपट्टीने ताप मोजण्यातला प्रकार झाला.

बरं ही मोजपट्टीसुद्धा काही फार जुनी नाही. ज्यांनी ओकिनावाहून कराटे जपानात नेऊन रुजवलं त्या गिचिन फुनाकोशींना मॅचेस मान्यच नव्हत्या. ते 1957 मध्ये गेले आणि जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा त्याच वर्षी झाली. ऑलिंपिकमध्ये कराटे आलं तेही एकदाच, 2021 मध्ये झालेल्या टोकियोच्या खेळांत, पॅरिसला 2024 मध्ये नव्हतं. आयकिदो या जपानी युद्धकलेच्या बहुतेक शाखांमध्ये तर स्पर्धाच नसते, तिथली माणसं आयुष्यभर घाम गाळतात आणि काय आणलंस या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तरच नसतं.

पण म्हणून स्पर्धा फालतू असंही मी म्हणणार नाही हं. स्पर्धेचा एक गुण दुसऱ्या कशातच नाही, समोरची मुलगी तुझं मन राखत नाही. क्लासमध्ये पार्टनर जरा सांभाळून घेतो, सर चांगलं झालं म्हणतात, आणि आपल्याला वाटत राहतं की जमतंय. 'आम्ही स्पर्धेसाठी नाही, खऱ्या प्रसंगासाठी शिकतो' असं छातीठोक सांगणारेही खूप भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर तो प्रसंग कधीच येत नाही (न येवो), त्यामुळे त्यांचा दावा कधी खोटाही ठरत नाही. जो दावा खोटा ठरूच शकत नाही त्यावर मी तरी फार विसंबणार नाही. तू निदान मॅटवर उतरून हरलीस, तुला तुझ्या कुमितेबद्दल दोन नेमक्या गोष्टी माहीत झाल्यात, पाय खिळतात आणि हात पडतात. ही माहिती पुष्कळ ब्लॅक बेल्टवाल्यांकडे नसते.

बेल्टचं तू लिहिलंयस ते थोडं नाजूक आहे, तरी विचारते. तुझ्या परीक्षेच्या दिवशी कुणी नापास झालं का? आणि त्या दिवशी असं काही करावं लागलं का, जे आदल्या वर्षी तुला जमत नव्हतं? दोन्हीची उत्तरं नाही असतील तर आनंद न होणं हे तुझ्या मनाचं दुखणं नाही, परीक्षाच ढिली होती आणि तुझ्या अंगाला ते कळलं. बेल्ट हे शिकवणाऱ्याचं साधन आहे, जिगोरो कानोंनी 1882 मध्ये ज्युडोची कोदोकान काढली, पुढच्या वर्षी दानची (ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची) पद्धत आणली, फुनाकोशींनी ती कराटेत घेतली 1924 मध्ये. कोण कुठवर आलंय हे शिकवणाऱ्याला दिसावं यासाठी ती सगळी मांडणी होती. किती कडक लावायची हे ज्याच्या त्याच्या हातात. केंदोत (जपानी तलवारबाजीत) 8 व्या दानच्या परीक्षेला बसायलाच वय किमान 46 लागतं आणि 7 वा दान मिळून 10 वर्षं झालेली लागतात, आणि एवढं करून पास होतात साधारण 1 टक्का. दुसरीकडे ठरावीक महिने फी भरली की रंग बदलणारे क्लासही आहेत. तुझा क्लास या दोन टोकांमध्ये कुठे बसतो ते तुलाच माहीत. ढिला वाटत असेल तर सरांना सरळ सांग की माझा एखादा काता परत कडकपणे तपासा, चुका सांगा. मात्र दोन्हीची उत्तरं हो असतील, म्हणजे लोक नापास झाले आणि तू पास झालीस, तर मग तू तो बेल्ट स्पर्धेतल्या निकालाशी जोडून उगाच बदनाम करतेयस.

त्या 17 वर्षांच्या मुलीबद्दल. ती तुझंच यश आहे वगैरे मी म्हणणार नाही, तिचं यश तिचं आहे, तू गाठ शिकवलीस, बाकी ती रोज सकाळी उठून कमावतेय. पण तुझ्याकडे एक फुकटचा खजिना पडून आहे आणि तू त्याच्याकडे बघून कुढतेयस. तिला म्हण, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फक्त माझ्यावर चाल करून ये, मी पॉइंट घ्यायचाच नाही, फक्त पाय हलवायचे. तिच्याकडून असं शिकणं जड जाईल, मान्य, वयाने अर्धी आहे. तरी विचार. मोठ्या वयाच्या माणसाने लहानाकडे शिकायला जाणं जिथे चालतं अशा जागा एरवी तशा कमीच असतात.

आणि आता स्वतःशी स्पर्धेबद्दल एक गोष्ट, जी ते वाक्य ऐकवणारे सांगत नाहीत. तीही कधीतरी हरायचीच असते. आज 36 ची तू 27 च्या स्वतःपेक्षा भारी असशील, पण 50 ची तू 36 च्या स्वतःपेक्षा उंच किक मारणार नाहीस. 'कालच्यापेक्षा आज पुढे' एवढं एकच माप धरून बसणारी माणसं मग चाळिशी-पन्नाशीत खचतात, किंवा गुडघा दुखत असताना हट्टाने उड्या मारून तो कायमचा घालवतात. म्हणून मला जरा वेगळी मापं जास्त टिकाऊ वाटतात. उदाहरणार्थ, सर 'जोड्या करा' म्हणतात तेव्हा लोक तुझ्याकडे येतात का? नवा मुलगा घाबरलाय तो तुझ्याकडे येतो का, आणि तरबेज माणसालाही तुझ्याबरोबर करावंसं वाटतं का? जिचा ठोसा नाकापासून बोटभर अंतरावर थांबतो आणि तरी समोरच्याला चुकवावाच लागेल इतका खरा असतो, अशी पार्टनर कुठल्याही क्लासमध्ये विरळा. याचं मेडल नाही, पण क्लासमध्ये सगळ्यांना पक्कं माहीत असतं कोण तशी आहे. ज्युडोवाल्यांना विचारून बघ, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची ओपन गटाची फायनल बऱ्याच जणांना आठवते, यासुहिरो यामाशिता पोटरी दुखावलेल्या पायाने लंगडत उतरले आणि जिंकले. पण त्यांच्याकडून हरलेल्या इजिप्तच्या मोहम्मद रश्वानचंही नाव निघतंच, त्याला पुढे फेअर प्लेचा सन्मान मिळाला. त्याने त्या दुखऱ्या पायावर मुद्दाम हल्ला केला नाही असं म्हणतात, खरंच केला नाही का यावर मॅच बघणारे अजून भांडतात, ते असो. हरलेल्याचं नाव इतकी वर्षं टिकलं ना.

सोडू का विचारलंयस. सोडायला हरकत काहीच नाही, कुणाचं देणं लागत नाहीस. पण आधी एक महिनाभर एवढंच बघ की क्लासमध्ये घड्याळाकडे कधी नजर जाते आणि कधी जात नाही. कातामध्ये वेळ कसा गेला कळत नसेल आणि फक्त स्पर्धेचा फॉर्म भरताना पोटात गोळा येत असेल तर तुला कराटे नाही, फॉर्म भरणं सोडायचंय. मग ते बिनधास्त सोड, सर काय म्हणतील म्हणून उतरू नकोस. पण आतून खरंच वाटत असेल की एकदा तरी जिंकायचंय तर मग ते चोरून-लपून नको, एक सीझन नीट दे. सरांना सांग, मला कुमिते शिकायचंय, सकाळच्या बॅचला आठवड्यातून एक-दोनदा येऊ का. दुसऱ्या क्लासच्या लोकांशी स्पारिंग मिळेल तिथे मिळव, अनोळखी अंगं हवीत तुला. आणि वयाच्या गटात खेळ ना, बऱ्याच स्पर्धांमध्ये व्हेटरन किंवा मास्टर्स गट असतो, ज्युडो आणि जिउ-जित्सूत तर तिशीपासूनच सुरू होतो. 36 व्या वर्षी विशीतल्या मुलींशी लढून हरणं यात मर्दुमकी काही नाही.

जी कुणी स्पर्धेला किंवा बेल्टच्या परीक्षेला जाणार असेल तिने, तू पण, एक करा. जायच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा की काय झालं तर मी हे जमलं म्हणेन. आदल्या दिवशीच, नंतर नाही, नंतर मन सोयीचं लिहितं. आणि असं लिहा जे दुसऱ्याला व्हिडिओत दिसेल. 'आत्मविश्वासाने खेळीन' हे नको, ते कुणाला दिसणार? 'पहिल्या चालीला सरळ मागे न जाता बाजूला सरकीन', 'ठोसा बसल्यावर हात वरच राहतील', असं. हरलीस आणि हात वर राहिले तर ते जमलं. जिंकलीस आणि हात खालीच होते तर पुढच्या राउंडला महागात पडेल, ते पण कळेल.

छोट्यांची बॅच. सरांनी सांत्वन म्हणून विचारलं असेल असं तू ठरवून टाकलंयस, त्यांना विचारलं आहेस का? विचार, माझ्यातलं काय बघून म्हणालात? त्यांनी नेमकं काही सांगितलं, म्हणजे तुझा काता स्वच्छ आहे, तू चुका नीट पकडतेस, मुलं तुझं ऐकतात, तर ती निवड आहे. 'अगं तुला वेळ असतो ना' असं उत्तर आलं तर तुझा संशय खरा, मग फुकट राबायची गरज नाही. चांगला लढणारा चांगला शिकवतोच असं नाही, ज्याला सगळं पटकन जमलं त्याला बऱ्याचदा सांगताच येत नाही की पाय कुठे अडकतो. तुझे अडकलेत, तुला माहितीये. फक्त हो म्हणण्याआधी ठरवून घे, किती दिवस, मानधन काय, आणि त्यात तुझा स्वतःचा क्लास बुडणार नाही ना. शिकवायला लागलेल्या कितीतरी बायका-पुरुषांची स्वतःची प्रॅक्टिस पहिल्या वर्षातच बंद पडते आणि मग ते शिट्टी घेऊन कडेला उभे. मोठी सुरुवात नको, आधी दोन-तीन महिने सरांच्या हाताखाली करून बघ.

आणि घरच्यांचं "काय आणलंस". ते बिचारे मेडल विचारतात कारण दुसरं काय विचारायचं हेच त्यांना माहीत नसतं. परत कधी खेळलीस तर त्यांच्यातल्या एकाला बरोबर ने आणि फोन हातात देऊन व्हिडिओ काढायला उभं कर. तीन मिनिटं फोन धरून उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर निदान "तो दुसरा ठोसा का नाही मारलास गं?" असं तरी विचारेल.